सोळाव्या मजल्यावरचं अळणी पातेलं

दिल्लीहून परत आल्यावर बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात माझ्या जोडीला असणाऱ्या यमुनाबाईंनी विचारलं, "कशी आहे दिल्ली?" मी म्हटलं, "मोठी आहे." त्यांनी तवा पुढे सरकवला आणि आम्ही भाकऱ्यांना लागलो. मला चार माणसांत बोलता येत नाही. बोलायला गेलं की हात आधी पदराशी जातो आणि शब्द मागे राहतात. पण जे पाहिलं आणि ऐकलं त्याचा धक्का अजून उतरलेला नाही. म्हणून बोर्डिंगातल्या मुलींची एक अर्धी कोरी वही घेतली आहे. दुपारी भांडी पालथी पडली की लिहिते.

माझी मुलगी सुनीता नोएडात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. जावई अमोलराव केंद्र सरकारच्या कचेरीत. नात इवा आठ वर्षांची. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण तिच्या घरी राहायला मी पहिल्यांदाच गेले, बारा दिवसांसाठी. गाडीतलं काही लिहीत नाही. एक रात्र आणि एक दिवस बसले आणि उतरले.

नोएडा, पहिला दिवस

सोळाव्या मजल्यावरचं घर. खिडकीतून खाली पाहिलं तर माणसं हरभऱ्याएवढी. सकाळी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी कोथिंबीर आणायला खाली उतरले. येताना गेटवरच्या गार्डने माझ्याकडे, माझ्या साडीकडे, हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि बोट दाखवलं, "अम्मा, उधर से. स्टाफ वाली."

मी तिकडे गेले. ही लिफ्ट वेगळी होती. आरसा नाही, पंखा नाही, पत्र्याला ओरखडे. आत कचऱ्याच्या दोन काळ्या पिशव्या, पाण्याचे मोठे जार घेतलेला एक माणूस, आणि एक बाई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं कार्ड होतं, त्यावर तिचा फोटो आणि खाली आकडे. तिने माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि हळूच म्हणाली, "यीशु सहाय."

आमच्याकडे आम्ही सलाम म्हणतो. मी सलाम म्हटलं.

"नई लगी हो? कौन से फ्लैट में?"

"सोलह सौ दो."

तिचा चेहराच उतरला. "सोलह सौ दो में तो मैं हूँ! मैडम ने मुझे निकाल दिया क्या?"

मला हिंदी आठवेना. शेवटी कसंबसं म्हटलं, "नहीं, नहीं. मैं सुनीता की माँ."

ती आधी तोंडावर हात धरून उभी राहिली, मग अशी हसत सुटली की जारवाला माणूसही हसायला लागला. नाव एलिसाबा. झारखंडातल्या सिमडेग्याकडची. चार घरी कामं करते, सुनीताचं घर त्यातलं शेवटचं, दुपारी अडीचला. लिफ्टमधलं सुनीताला सांगायचं नाही, असं आमचं दोघींचं ठरलं. मी सांगितलं नाही, कारण सुनीता गार्डशी भांडली असती. आणि भांडली नसती तर मला ते जास्त लागलं असतं.

संध्याकाळी सुनीता शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, दिल्लीतली आपली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. पुढच्या रविवारी आपल्याकडे आहेत. पंचवीसेक लोक. ते तुझी चौकशी करतील."

"करू देत की."

ती नखाशी खेळत होती. "मी सगळ्यांना सांगितलंय की तू बोर्डिंगची मेट्रन होतीस."

आमच्या मेट्रनबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन फिरायच्या आणि माझ्या धान्याच्या कोठीला कुलूप लावायच्या. मी सत्तावीस वर्षं त्याच बोर्डिंगात स्वयंपाकीण आहे. सुनीता त्याच चुलीशेजारी पाटीवर अक्षरं काढायला शिकली.

"आणि स्वयंपाक?" मी विचारलं.

"तो तू हौसेने करतेस. बस्स, एवढंच. प्लीज आई."

मी बरं म्हटलं. मला नाही म्हणता येत नाही.

मुनिरका

बुधवारी माझी भाची रेश्मा मला तिच्या खोलीवर घेऊन गेली. माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिथल्या विद्यापीठात जुन्या रोमी लोकांचा अभ्यास करते, त्यातही पहिल्या ख्रिस्ती लोकांचा. ते रोज काय खात, कुठे झोपत, कशी कामं करत, असं सगळं. हा अभ्यास असू शकतो हेच मला माहीत नव्हतं.

मेट्रोतून उतरून मुनिरक्याच्या गल्लीत शिरलो आणि आभाळ गेलं. दोन्ही बाजूंनी चार-चार, पाच-पाच मजले, वर गॅलऱ्या एकमेकींना टेकायला आलेल्या, मधून वायरींचे झुपके. रेश्माची खोली चौथ्या मजल्यावर. एक पलंग, भिंतभर पुस्तकं, एक विजेची शेगडी. मी विचारलं, "जेवतेस कुठे?"

"खालून आणते, आत्या. छोले, पराठा, अंडी. माझ्या रोमी लोकांसारखंच." आणि तिने सुरुवात केली.

रोम शहरात गरीब लोक अशाच उंच इमारतींत भाड्याने राहत. फरक एवढाच की श्रीमंत खाली आणि गरीब सगळ्यांत वर, कारण पाणी खालून चढवावं लागे आणि आग लागली तर वरच्याला पळायला वाट नसे. खोल्यांत चूल नाही. रस्त्यावरच्या दुकानांतून गरम खायला आणायचं. खालून जाताना वर बघून चालायचं, कारण लोक रात्रीचं भांडं खिडकीतून ओतत.

"कसलं भांडं?"

तिने सांगितलं. मी पदर नाकाला लावला.

"थांब, अजून कपडे धुवायचं राहिलं," ती म्हणाली. तिथले परीट रस्त्याच्या कडेला मडकी ठेवत. येणारे-जाणारे त्यात लघवी करत. ती साठवून, मुरवून त्यात मोठ्या लोकांची लोकरी वस्त्रं पायाने तुडवून धुवायची.

"मुतात? धुवायचे कपडे मुतात?"

"हो. मळ चांगला निघतो. आणि ऐक, पहिल्या ख्रिस्ती लोकांची टवाळी करणारे काय म्हणत? यांच्यात आहे कोण, तर लोकर विंचरणारे, चांभार आणि हे परीट."

आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, जुन्या लोकांविषयी गावात काय बोललं जायचं ते मी लहानपणी ऐकलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी, समुद्रापलीकडे, तेच.

मग तिने पुस्तकातली चित्रं दाखवली. एक जातं होतं. अगदी आपलं जातं, वरची तळी, खालची तळी, खुंटा. एका चित्रात मातीचा दिवा, चिमटीत मावेल एवढा. मासळीचं एक कालवण सांगितलं, मासे मीठ घालून उन्हात कुजवायचे आणि वरचं पाणी जेवणात घालायचं. मी म्हटलं, म्हणजे सुकटीसारखा वास. ती म्हणाली, त्याहून उग्र. इथवर मला हसू येत होतं. पुढचं ऐकून मात्र माझा चहा तसाच राहिला.

मूल जन्मलं की ते ठेवायचं की नाही हे बाप ठरवी. नको असेल तर उकिरड्यावर ठेवून येत. मुली जास्त. कुणी उचलून नेलं तर बहुतेक गुलाम करायलाच. कायद्याने कुणी अडवत नसे, शेजारपाजार काही म्हणत नसे.

"आणि आपली माणसं?" मी विचारलं.

"ती टाकत नसत. टाकायचं नाही, असा त्यांचा नियमच होता. काहीजण दुसऱ्यांची उचलूनही आणत."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर अभिमान वाटला. तेवढ्यात तिने पान उलटलं. लोखंडाचा एक वाटोळा पट्टा, त्याला एक चकती लटकवलेली, चकतीवर अक्षरं.

"हे गुलामाच्या गळ्यात. लिहिलंय, मी पळालोय, मला धरा आणि अमक्या मालकाकडे परत न्या. आता ही खूण बघ."

अक्षरांशेजारी एक फुलीसारखी खूण होती. ती म्हणाली, "ही ख्रिस्ताची खूण आहे, आत्या. हा तीनशे-चारशे वर्षांनंतरचा. तोवर मालकही ख्रिस्ती झाले होते. मंडळीतल्या एका अधिकाऱ्याच्या गुलामाचाही असा पट्टा सापडलाय."

मला क्षणभर एलिसाबाच्या गळ्यातलं कार्ड आठवलं आणि लगेच मी स्वतःलाच रागावले. कार्ड ते कार्ड, लोखंड ते लोखंड. पण परतीच्या मेट्रोत माझ्या डोळ्यांसमोरून ती चकती हलेना. उकिरड्यावरची मुलं उचलणारे लोक, आणि त्यांचेच नातू-पणतू हे.

गुरुवार, शुक्रवार

रविवारचा बेत रेश्माचाच होता. पहिल्या मंडळीचं जेवण कसं असेल तसं करायचं. खाली गाद्या, टेकायला लोड, बसायचं नाही, डाव्या कोपरावर रेलून जेवायचं. मसुराची आमटी, जवाची भाकरी, मासे, जैतूनाची फळं, अंजीर, द्राक्षाचा रस. सगळ्यांनी पांढऱ्या चादरी पांघरायच्या. सुनीताला ते फार आवडलं. फोटो छान येतील म्हणाली. आमटी आणि भाकरी माझ्याकडे.

जवाच्या पिठाला चिकटपणा नसतो. पहिल्या दिवशी चार भाकऱ्या केल्या, चारही तव्यावर जाताना मोडल्या. दुसऱ्या दिवशी उकड काढून मळलं तेव्हा जमलं. एलिसाबा ओटा पुसता पुसता बघत होती. मी तिला सांगितलं की ही भाकरी तेव्हा गुलामांना द्यायचे, म्हणून रविवारी करायची आहे. ती म्हणाली, "अच्छा? हमारे यहाँ मडुआ की बनती है. अम्मा, इसे ज़रा मोटा रखो." मडुआ म्हणजे आपली नाचणी. जाड थापली. अगदी बरोबर झाली.

बोलता बोलता कळलं की ती रविवारी चर्चला जात नाही. जाता येत नाही. रविवारी सगळ्या घरी पाहुणे असतात, काम दुप्पट. मोठ्या सणालाच काय ते. मी कधी कुणाला आपणहून काही विचारत नाही. पण त्या दिवशी तोंडातून निघून गेलं, "रविवार को इधर खाना खाने आना. बर्तन नहीं. खाना."

ती हातातलं फडकं पिळायची थांबली. "हमको? मैडम ने बोला?"

"मैं बोली."

"ढाई बजे से पहले नहीं छूटूँगी. नौ सौ चार में जन्मदिन है."

"रुकेंगे," मी म्हटलं. "सब रुकेंगे."

मी हे इतक्या खात्रीने का म्हटलं ते लिहायला हवं. आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला सगळ्यांचं एकत्र प्रीतिभोजन असतं. मोठ्या पातेल्यातली आमटी अळणी शिजवायची. सगळे आले की जो शेवटी आला त्याच्या हातून मीठ पडतं, मग एक उकळी, मग पंगत. माझ्या सासूबाई सांगायच्या, पूर्वी आपली माणसं बड्या शेतकऱ्यांच्या रानात राबायची आणि सणालाही दिवे लागल्यावर सुटायची. तोवर गावात राहणारे जेवून मोकळे झालेले असत. त्यावरून भांडणं झाली. तेव्हा कुणीतरी बाईने मीठ घालणंच बंद केलं. अळणी कोण खाईल? आता रानात राबणारे फारसे उरले नाहीत, पण पातेलं अळणीच शिजतं. माझे हात आपोआप तसेच करतात.

तरी मी सुनीताला विचारलं होतं. ती फोनवर बोटं फिरवत होती. "एलिसाबा रविवारी अडीचला येणार ना?"

"हो गं आई, मीच बजावून सांगितलंय तिला."

मला केवढा आनंद झाला. वाटलं, माझ्या आधीच पोरीने बोलावलं.

रविवार

साडेबारापासून लोक यायला लागले. पुण्या-मुंबईकडची, नगरची माणसं, चांगल्या नोकऱ्यांतली. दिवाणखान्यात भरदुपारी पडदे ओढून बॅटरीचे दिवे लावले होते. अमोलराव चादर गुंडाळून दारात उभे होते आणि येणाऱ्याला म्हणत होते, "सलाम, मी सीझरचा मेव्हणा." एक जाड साहेब, सरकारात मोठ्या हुद्द्यावरचे, रेलायला गेले आणि लोडासकट आडवे झाले. चादर कशी सांभाळायची हे कुणालाच येत नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून हसत होते.

मग रेश्मा बोलली. छान बोलली. करिंथ नावाच्या शहरात मंडळी एका श्रीमंताच्या घरी जमायची. आतल्या खोलीत नऊ-दहा माणसं मावत, ते मालकाच्या बरोबरीचे. बाकीचे बाहेर अंगणात. आतल्यांना चांगलं, बाहेरच्यांना उरलंसुरलं. "आणि ज्यांना वेळेची मोकळीक होती ते लवकर येऊन जेवून घेत. गुलाम आणि मजूर काम संपवून येत तोवर भांडी रिकामी. म्हणून प्रेषिताने त्यांना रागावून पत्र लिहिलं की एकमेकांची वाट पाहा."

हे पत्र मी ओळखत होते. प्रभुभोजनाच्या दिवशी दर महिन्याला चर्चमध्ये त्याच पत्रातलं वाचतात, मला तोंडपाठ आहे. पण ते खरोखरच्या जेवणावरून, खरोखरच्या आमटी-भाकरीवरून लिहिलंय हे मला या वयापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्याकडच्या त्या बाईने तेच भांडण मीठ न घालता मिटवलं होतं.

सव्वा वाजला. सुनीताने टाळ्या वाजवल्या. "चला, सुरू करूया. आई, आमटी बाहेर दे."

मी म्हटलं, "थांबायचं ना?" पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. तोवर दोन बायका येऊन पातेलं घेऊनही गेल्या. मी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि तिथेच खिळले. पंचवीस माणसांसमोर काय म्हणणार होते? पळ्या फिरल्या, भाकऱ्या मोडल्या, फोटो निघाले. रेश्माने भाकरीचा मोठा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला. रेश्माने!

मग इवाचा आवाज आला. "ममा, दाल में नमक नहीं है!"

सगळ्यांनाच अळणी लागलं होतं, कुणी बोलत नव्हतं एवढंच. साहेबांच्या बायको समजूतदारपणे म्हणाल्या, "होतं असं. या वयात विसरायला होतं."

सुनीता हसली. ते हसू मला माहीत आहे, रडू आलं की ती तशी हसते. "काय हे, आई! मीठच विसरलीस?"

"विसरले नाही," मी म्हणाले.

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. पदर हातात होता, तो मी इतका पिळला की अजून त्याला चुण्या आहेत. पण निघालेलं वाक्य मागे घेता येईना. मी म्हटलं, "सणाचं पातेलं आम्ही अळणीच शिजवतो. सगळे आले की शेवटच्या माणसाच्या हातून मीठ घालतो. सत्तावीस वर्षं बोर्डिंगात मी असंच शिजवते आहे. मुली चाखूनसुद्धा बघत नाहीत."

"तुम्ही शिजवता?" साहेबांच्या बायकोने विचारलं. "मेट्रन होतात ना तुम्ही?"

मला तेव्हा कळलं मी काय बोलून बसले. सुनीताच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण बाकी चेहरा मागे गेला. उत्तर सगळ्यांना मिळालं होतं.

साहेबांनी विषय बदलायला विचारलं, "पण यायचं कोण राहिलंय आता?"

"एलिसाबा."

"कोण एलिसाबा?"

इवा म्हणाली, "अंकल, हमारी मेड!"

कुणीतरी खोकलं. एक बाई म्हणाल्या, "ती येईल की भांड्यांना." साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "असं करू, हिच्यात आता मीठ घालून घेऊ. तिचं वेगळं काढून ठेवा, आली की गरम करून द्या. काय?" इतकं सरळ आणि शहाणपणाचं वाटत होतं ते. करिंथच्या घरातही कुणीतरी असंच म्हणालं असेल. रेश्मा खाली मान घालून बसली होती. हातातली भाकरी तिने खाली ठेवली होती.

सुनीताने मिठाची बाटली आणली. ज्याने त्याने आपापल्या पत्रावळीत वरून मीठ टाकलं. पातेल्यात मात्र कुणी टाकलं नाही. सव्वादोनपर्यंत लोक निघालेही, गुडगाव लांब पडतं म्हणाले. जाताना सगळ्यांनी मला सलाम केला, आधीपेक्षा जास्त आदराने, आणि तेच मला सहन होईना.

पावणेतीनला बेल वाजली. सुनीता दाराशी होती, हातात पत्रावळींचा ढीग. दार उघडता उघडता म्हणाली, "आ गई? पहले बड़े बर्तन कर ले, फिर झाड़ू."

दारात एलिसाबा होती. पांढरी, लाल काठाची घडीची साडी नेसलेली. केस तेल लावून चापून बसवलेले. हातात स्टीलचा डबा. गळ्यात ते कार्ड होतंच, त्याशिवाय गेटवर सोडत नाहीत. सुनीताने साडी पाहिली आणि दारातून बाजूला झाली. एलिसाबाने सुनीताच्या मागचा रिकामा दिवाणखाना पाहिला, उष्ट्या पत्रावळी पाहिल्या. माझ्याकडे नाही पाहिलं.

"जी मैडम," ती म्हणाली. डबा चपलांच्या कपाटावर ठेवला आणि पदर खोचत बेसिनकडे निघाली.

आयुष्यात मला पुष्कळ धक्के बसले आहेत. नवरा गेला तेव्हा, पूर आला तेव्हा. पण तिने तो पदर ज्या सहजपणे खोचला, तसं काही मी पाहिलेलं नाही. तिला आश्चर्य वाटलंच नव्हतं. मी 'सब रुकेंगे' म्हटलं होतं, ते तिने ऐकून घेतलं होतं आणि तरीही तिला आश्चर्य वाटलं नव्हतं.

मी मिठाची बरणी उचलली आणि तिच्या वाटेत उभी राहिले. "पहले नमक."

"क्या, अम्मा?"

"सब नहीं रुके. मेरी गलती. पर दाल रुकी है. तू डाल."

तिला काही कळलं नाही. अमोलरावांनी तिला सगळं हिंदीत समजावलं, अजून चादर अंगावर तशीच. तिने एकदा सुनीताकडे पाहिलं. सुनीता पत्रावळी धरून उभी होती. मग एलिसाबाने बरणीत हात घातला आणि भरलेली मूठ पातेल्यात सोडली. इवाने टाळ्या वाजवल्या. मी गॅस पेटवला.

आम्ही पाचजण जेवलो. मी, एलिसाबा, अमोलराव, इवा, आणि पुन्हा ताट घेऊन बसलेली रेश्मा. एलिसाबा गादीच्या कडेला अवघडून बसली तेव्हा अमोलरावांनी लोड सरकवला, "टेकिए, आज का यही रूल है." तिचं कार्ड ताटात लोंबत होतं, ते तिने उलटं पाठीवर टाकलं. डब्यात गुळाचे, तांदळाच्या पिठाचे अरसे होते, पहाटे उठून तळलेले. आमटी खारट झाली होती. कुणी बोललं नाही.

सुनीता जेवायला बसली नाही. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

जेवण झाल्यावर एलिसाबाने भांडी घासली. मी पुसली. ते काही बदललं नाही, जसं झालं तसं लिहिते.

सोमवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी मी बॅग भरून स्वयंपाकघरात आले तर सुनीता ओट्याशी उभी होती. कंपनीचे कपडे घातलेले, आणि पातेल्यातली कालची थंड आमटी भाकरीच्या तुकड्याने खात होती. आदल्या दुपारपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"तिची मूठ मोठी आहे."

ती खात राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "सगळ्यांसमोर माझं तोंड पाडलंस."

"हो," मी म्हटलं. "मुद्दाम नाही पाडलं."

तिने आणखी एक घास घेतला. "मी तालुक्याच्या शाळेत जायचे, शेवटच्या एसटीने यायचे. सणाला तू माझ्या हातून मीठ टाकायचीस. मला वाटायचं, तू मोठं पातेलं सांभाळतेस, म्हणून माझा मान आहे."

"मान नाही. तू शेवटची यायचीस."

"म्हणजे बाकीचे सगळे...?"

"थांबायचे."

"दर वर्षी?"

"दहावीपर्यंत."

ती वळली. डोळे भरले होते, पण रडली नाही, तशी हसलीही नाही. "दीडशे माणसं उपाशी बसायची? माझ्यासाठी? मला कुणी सांगितलं का नाही?"

"त्यात सांगायचं काय?"

तिने हात धुतले, एलिसाबाच्या डब्यातला एक अरसा नवा पदार्थ बघतात तसा उलटसुलट करून पाहिला, अर्धा मोडून तोंडात टाकला आणि कंपनीत गेली. अमोलरावांनी मला स्टेशनवर सोडलं.

आज इथे येऊन पाच आठवडे झाले. मधे तिचे दोन-तीन फोन आले, तब्येतीचे, हवेचे. काल रविवार होता. दुपारी एक वाजता फोन वाजला. मागे माणसांची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

सुनीता घाईत होती. "आई, पटकन सांग. आमटी तास-दीड तास नुसती ठेवली तर खाली लागते का?"

मी म्हटलं, "गॅस अगदी बारीक ठेव. मधेमधे ढवळ. आटली तर आधणाचं पाणी घाल, गार घालू नको."

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.